पोलिसांनी गाडी थांबवली तर : तरुण चालकाचे हक्क, सोप्या भाषेत

"हवालदाराला दंड करायचा अधिकारच नसतो." "अंधार पडल्यावर मुलीला पोलीस थांबवूच शकत नाहीत." "लायसन्स घरी राहिलं तर पंधरा दिवस मिळतात, तोवर पावती फाडता येत नाही." कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ही वाक्यं वर्षानुवर्षं फिरत आहेत आणि नुकतीच गाडी हाती आलेली मुलं त्यांच्या भरवशावर नाक्यावर वाद घालतात. तिन्ही वाक्यांत खऱ्याचा थोडा अंश आहे. पूर्ण खरं त्यांतलं एकही नाही.

दुसऱ्या बाजूला अशीही मुलं आहेत, जी काहीही झालं तरी गप्प राहतात. कुणी गाडीची किल्ली उपसून घेतली, मोबाइल अनलॉक करून मागितला, पावती न देता पाचशेची नोट घेतली, तरी हा सगळा कायद्याचाच भाग असणार असं ती धरून चालतात. मला या दुसऱ्या मुलांची जास्त काळजी वाटते. वाद घालणाऱ्याला निदान कुणीतरी चूक दाखवून देतं. गप्प राहणाऱ्याला आपल्यावर अन्याय झाला हेच कळत नाही.

हा लेख दोघांसाठी आहे आणि त्यांच्या आईवडिलांसाठीही. मोटार वाहन कायदा 1988 चा आहे. 2019 मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. अटक आणि झडतीचे नियम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहेत, तिला इथे आपण 'नागरिक सुरक्षा संहिता' म्हणू. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी ती 1 जुलै 2024 पासून लागू झाली. दोन्ही कायदे केंद्राचे आहेत. म्हणून कोल्हापूरहून बेळगावला गेलात किंवा सावंतवाडीहून गोव्यात उतरलात तरी मूळ हक्क तेच राहतात. दंडाचे आकडे तेवढे राज्यागणिक बदलतात.

## एका 'थांब'मध्ये तीन वेगळ्या गोष्टी

पोलिसाने हात केला आणि गाडी बाजूला घ्यायला लावली, की पुढे तीनपैकी एक गोष्ट होते. पहिली म्हणजे नुसती तपासणी : कागद बघितले, जा म्हणाले. दुसरी म्हणजे कारवाई : चलान झालं, लायसन्स ठेवून घेतलं किंवा गाडी अडकवली. तिसरी म्हणजे अटक. या तिन्हींना वेगवेगळी कलमं आहेत आणि प्रत्येक पायरीवर पोलिसाचा अधिकार कुठे संपतो हेही वेगळं आहे.

लोकलमधला टीसी आठवा. त्याने तिकीट मागितलं की दाखवावंच लागतं. 'माझ्यावरच संशय का?' असं विचारून सुटका होत नाही. पण तिकीट बघायच्या अधिकारात तुमची बॅग उघडायचा अधिकार येत नाही. रस्त्यावरही तसंच आहे. एका गोष्टीचा अधिकार आहे म्हणून दुसरीचा आपोआप मिळत नाही. नाक्यावरचे बहुतेक वाद आपण नक्की कोणत्या पायरीवर आहोत हे दोघांपैकी एकाने चुकीचं धरल्यामुळे होतात.

## थांबावं लागतंच का?

हो. मोटार वाहन कायद्याचं कलम 130 म्हणतं की सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवणाऱ्याने गणवेशातल्या कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यावर लायसन्स तपासायला दिलं पाहिजे. 'कोणत्याही' हा शब्द महत्त्वाचा आहे. फौजदारच हवा, हवालदार चालणार नाही, असं इथे म्हटलेलं नाही. फौजदाराच्या हुद्द्याची अट कलम 132 मध्ये येते आणि तिथे विषय अपघातानंतर गाडी थांबवून ठेवण्याचा आहे. व्हॉट्सॲपवरच्या 'हवालदाराला अधिकार नाही' या समजाची मुळं इथेच असावीत, असा माझा अंदाज आहे.

दंड स्वीकारण्याचा प्रश्न वेगळा आहे. कोर्टात न जाता ठरलेली रक्कम भरून प्रकरण मिटवण्याला कायद्यात 'तडजोड' म्हणतात. ती रक्कम कोणत्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याने घ्यायची हे कलम 200 प्रमाणे राज्य सरकार अधिसूचनेने ठरवतं. म्हणजे प्रश्न विचारायचाच असेल तर तो 'तुम्ही मला थांबवलंच कसं' हा नव्हे. 'चलान कोणाच्या नावाने होतंय आणि त्याची प्रत मिळेल ना' हा प्रश्न योग्य.

आणखी एक गैरसमज परदेशी व्हिडिओंमधून येतो. अमेरिकेत पोलिसाने गाडी थांबवायला काहीतरी वाजवी संशय लागतो. निव्वळ लायसन्स बघण्यासाठी मनाला येईल ती गाडी थांबवता येणार नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्येच सांगितलं. आपल्याकडे लायसन्स बघण्यासाठी कायदा अशा संशयाची अट घालत नाही. नाकाबंदीत एकेक करून सगळ्या गाड्या थांबवल्या तर ते बेकायदा नाही. हात दाखवूनही न थांबणं किंवा अधिकाऱ्याचा कायदेशीर आदेश न मानणं हा कलम 179 खाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याचा दंड 2000 रुपयांपर्यंत जातो. रीलमधली इंग्रजी वाक्यं भोसरीच्या चौकात म्हणून दाखवणाऱ्याला कायदा वाचवायला येत नाही.

कारण मात्र विचारता येतं. 'साहेब, काय चुकलं?' हा प्रश्न कुठल्याही कायद्याने बंद केलेला नाही. समोरच्याच्या गणवेशावरची नावाची पट्टी वाचणं आणि ती नसेल तर नाव विचारणं यातही उद्धटपणा नाही. कलमात 'गणवेशातला' हा शब्द मुद्दाम घातला आहे. साध्या कपड्यातल्या माणसाने नुसतं 'मी पोलीस आहे' म्हणून लायसन्स मागितलं, तर आधी त्याचं ओळखपत्र बघावं. चौकात शिट्टी घेऊन उभा असलेला ट्रॅफिक वॉर्डन वाहतूक वळवायला मदत करतो, पण तो पोलीस नव्हे.

## कागद म्हणजे नक्की काय?

चार : लायसन्स, गाडीची नोंदणी म्हणजे आरसी, विमा आणि पीयूसी. नव्या गाडीला पहिलं वर्षभर पीयूसी लागत नाही.

हे सगळं पाकिटात ठेवायची गरज उरलेली नाही. डिजिलॉकर आणि एमपरिवहन या सरकारी ॲपमधली कागदपत्रं मूळ कागदांइतकीच ग्राह्य धरावीत, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ऑगस्ट 2018 मध्ये राज्यांना कळवलं. पुढे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 139 मध्येच 'प्रत्यक्ष किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात' असे शब्द आले. 1 ऑक्टोबर 2020 पासूनच्या दुरुस्तीप्रमाणे, अधिकाऱ्याला ऑनलाइन तपासून तुमचे कागद वैध दिसत असतील तर त्याने छापील प्रत मागायची नाही.

पण गॅलरीतला लायसन्सचा फोटो म्हणजे डिजिलॉकर नव्हे. हा फरक मुलांना सांगावा लागतो. फोटो कुणीही बदलू शकतं, म्हणून तो नाकारला तर पोलिसाचं चुकत नाही. ॲप आधीच उतरवून त्यात लॉगिन करून ठेवावं. ताम्हिणी घाटात रेंज शोधत बसायची वेळ येऊ नये.

आता 'पंधरा दिवस मिळतात' या समजाकडे. कागद त्या क्षणी जवळ नसेल तर तो नंतर ठरावीक मुदतीत सादर करण्याची सोय कायद्यात आहे, हे खरं. पण ती सोय लायसन्स असलेल्या माणसासाठी आहे. चलान कधी नोंदवायचं यावर ती बंदी घालत नाही. लायसन्स मुळातच नसेल तर कलम 181 लागतं : 5000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि ज्याने गाडी दिली त्या मालकावर कलम 180. मित्राची बाइक 'जरा एक राऊंड' म्हणून घेताना मित्रही अडकतो, तो असा.

शिकाऊ लायसन्सवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचं. ते सहा महिने चालतं आणि गाडीवर पुढेमागे लाल 'एल' हवा. बाइक शिकताना मागे बसणारा माणूस पक्कं लायसन्स असलेला, शिकवणारा असला पाहिजे. मैत्रिणीला मागे बसवून क्लासला जाणं त्यात बसत नाही.

## लायसन्स बघणं वेगळं, ठेवून घेणं वेगळं

तपासायला दिलेलं लायसन्स पोलिसाने खिशात घातलं तर? हे मुलांना सगळ्यात घाबरवतं. लायसन्स जप्त करायला कलम 206 मध्ये ठरावीक कारणं दिली आहेत : कागद बनावट असल्याचा संशय, आरोपी पळून जाईल किंवा समन्स चुकवेल अशी शक्यता, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर काही विशिष्ट गुन्हे. त्या यादीत अतिवेग, धोकादायक चालवणं, दारू पिऊन चालवणं, शर्यत, ट्रिपल सीट, हेल्मेट नसणं, रुग्णवाहिकेला वाट न देणं हे येतं. म्हणजे हेल्मेट नसल्यावर लायसन्स घेतलं तर 'हे बेकायदा आहे' असं ओरडून उपयोग नाही. ते तीन महिन्यांसाठी निलंबित होऊ शकतं.

मात्र त्याच कलमात चालकाच्या बाजूची गोष्टही आहे : लायसन्स घेणाऱ्याने तात्पुरती पोचपावती दिलीच पाहिजे. लायसन्स पोचपावतीशिवाय हातातून जाता कामा नये. ती शांतपणे, पण ठामपणे मागा. फक्त, कलम 206 च्या या नव्या तरतुदीखाली मिळालेल्या पोचपावतीवर गाडी चालवता येत नाही, हे कायद्यातच लिहिलं आहे. घरी फोन करून दुसऱ्या कुणाला बोलवावं.

## गाडी कधी अडकवता येते, आणि किल्लीचं काय?

गाडी जप्त करून ठेवण्याचं मुख्य कलम 207 आहे. विनालायसन्स चालवणं, वय कमी असणं, गाडीची नोंदणी नसणं, आणि परवाना लागणाऱ्या गाडीला परवाना नसणं किंवा त्याच्या अटी मोडणं, ही त्यातली कारणं. हेल्मेट किंवा पीयूसी नसणं या कलमात येत नाही. त्यासाठी चलान आहे. दारूच्या प्रकरणात चालकाला अटक झाली तर रस्त्यात उभ्या गाडीची तात्पुरती व्यवस्था लावणं पोलिसाला भाग असतं, आणि तेव्हा गाडी ठाण्याच्या आवारात जाऊ शकते.

चालत्या किंवा उभ्या गाडीची किल्ली उपसून घ्यायचा अधिकार देणारं कलम मोटार वाहन कायद्यात नाही. चाकातली हवा सोडायचंही नाही. या दोन्ही गोष्टी सर्रास होतात आणि इतक्या सर्रास होतात की त्या नियमातल्याच वाटायला लागल्या आहेत. चालत्या दुचाकीची किल्ली ओढली तर गाडी घसरू शकते, माणूस मागच्या ट्रकखाली जाऊ शकतो. हेल्मेट घातलं नाही म्हणून एखाद्याचा जीव धोक्यात येतो, या कारणासाठी त्याला थांबवायचं आणि थांबवताना त्याचाच जीव धोक्यात घालायचा, हे कुठल्याही बाजूने समर्थनीय नाही.

तरीही किल्ली गेलीच तर झटापट करू नका. 'गाडी जप्त करत असाल तर कलम लिहून पावती द्या, नसेल तर किल्ली द्या' एवढं म्हणा. झटापटीत तुमचा हात पोलिसाला लागला तर साध्या चलानाच्या जागी भारतीय न्याय संहितेचं, म्हणजे जुन्या दंडविधानाच्या जागी आलेल्या कायद्याचं, कलम 132 येतं. सरकारी नोकराला कर्तव्यापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर, हा गुन्हा अजामीनपात्र आहे. पाचशे-हजाराच्या दंडाचं प्रकरण पासपोर्ट आणि नोकरीच्या चारित्र्य पडताळणीपर्यंत कसं पोचतं, ते असं.

## डिकी, बॅग आणि मोबाइल

कागद तपासायच्या अधिकारात झडतीचा अधिकार येत नाही. झडतीला वेगळं कारण लागतं : एखाद्या गुन्ह्याचा तपास चालू आहे, चोरीचा माल किंवा शस्त्र असल्याची खबर आहे, किंवा अमली पदार्थांचा संशय आहे. निवडणुकीच्या काळात किंवा एखादी मोठी घटना घडल्यावर नाकाबंदीत डिकी उघडायला सांगतात, ते अशाच कारणांवरून. अशा वेळी उघडून दाखवणं शहाणपणाचं, आणि 'कशासाठी' हे विचारणंही रास्त. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 ने एक चांगली गोष्ट केली आहे. झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करणं आता पोलिसांवर बंधनकारक आहे. 'साहेब, रेकॉर्डिंग चालू आहे ना?' हा प्रश्न आता कायद्यातला प्रश्न आहे.

अमली पदार्थांचा कायदा जास्त कडक आहे. सार्वजनिक जागी झडती घ्यायला तो अधिकाऱ्यांना बराच वाव देतो. पण त्याच कायद्याचं कलम 50 सांगतं की अंगझडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर व्हावी, अशी मागणी तुम्ही करू शकता. हा हक्क तुम्हाला आहे हे पोलिसांनी आधी सांगितलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 1999 मध्ये स्पष्ट केलं. हे संरक्षण अंगझडतीपुरतं आहे, बॅगेला किंवा डिकीला लागू होत नाही.

मोबाइल हा आजच्या मुलांचा सगळ्यात नाजूक मुद्दा. ऑक्टोबर 2021 मध्ये हैदराबादेत पोलीस रस्त्यावर लोकांना थांबवून त्यांच्या फोनमधले चॅट तपासत असल्याचे व्हिडिओ पुढे आले आणि बराच गदारोळ झाला. वाहतुकीच्या तपासणीत फोन अनलॉक करून मागायला मोटार वाहन कायद्यात आधार नाही. 24 ऑगस्ट 2017 ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं ठरवलं आणि फोनइतकी खासगी वस्तू आज दुसरी नाही. एखाद्या गुन्ह्याच्या तपासात फोन रीतसर जप्त होऊ शकतो, पण तेव्हा पंचनामा होतो, लेखी नोंद होते. 'दाखव रे गॅलरी' हा पंचनामा नव्हे. डिजिलॉकर दाखवताना फोन आपल्याच हातात धरून पडदा पुढे करा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

फोन हातात धरून बोलत गाडी चालवत असाल तर मात्र तो धोकादायक चालवण्याच्या कलम 184 मधला गुन्हा आहे. नियम 21 मध्ये फक्त रस्ता शोधण्यापुरती मुभा आहे, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने.

## फुंकर मारायला नाही म्हणता येतं का?

थर्टी फर्स्टच्या रात्री विचारला जाणारा प्रश्न. कलम 203 म्हणतं की दारू पिऊन चालवल्याचा वाजवी संशय असेल तर गणवेशातला पोलीस श्वासाची चाचणी मागू शकतो. नाही म्हणता येतं, पण ते महागात पडतं : दारूचा संशय असताना नकार दिला तर अटक होऊ शकते, आणि कलम 205 प्रमाणे तो नकार कोर्टात तुमच्याविरुद्ध वापरता येतो. मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल इतकी आहे. 'एकच बिअर' हा हिशोब वजन, वेळ आणि जेवण यांवर बदलतो, म्हणून त्या भरवशावर गाडी काढू नये.

यंत्राला नवीन नळी लावायला सांगा. आकडा स्वतः बघा. चुकीचा वाटत असेल तर रक्त तपासणीची मागणी करा. अटक झालीच तर कलम 202 तुमच्या बाजूने एक वेळ बांधून देतं : अटकेपासून दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर सोडून द्यावं लागतं. ही तपासणी आरोपीसाठी जितकी महत्त्वाची, तितकीच समोरच्या पीडितासाठी. मे 2024 मध्ये पुण्यातल्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली, तेव्हा हे सगळ्या महाराष्ट्राला कळलं.

पहिल्या वेळी या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. हा गुन्हा तडजोडीच्या यादीत नाही, तो कोर्टातच जातो. म्हणून दारूच्या प्रकरणात रस्त्यावर कुणी रोख रकमेत 'मिटवून' देत असेल, तर ती रक्कम दंड नव्हे, लाच आहे.

## 'चल ठाण्यात' म्हणजे अटक का?

बहुतेक वाहतूक गुन्ह्यांत अटक होत नाही. पोलिसाच्या डोळ्यांदेखत धोकादायक चालवणं, दारू पिऊन चालवणं, दुसऱ्याची गाडी परवानगीविना नेणं यांत वॉरंटशिवाय अटक करता येते. नाव आणि पत्ता सांगायला नकार दिला तरीही. म्हणून नाव आणि पत्ता खरा सांगावा. त्यापुढे 'तू प्यायलायस ना, कबूल कर' असं कुणी म्हटलं तर गप्प राहायचा हक्क आहे. संविधानाचं कलम 20(3) आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडू देत नाही.

ठाण्यात नेत असतील तर सरळ विचारा : 'मला अटक केली आहे का? कोणत्या कलमाखाली?' उत्तर 'हो' असेल तर अटकेचं कारण सांगणं, तुम्ही सांगाल त्या नातेवाईकाला किंवा मित्राला कळवणं, अटकेचा लेखी पंचनामा करणं आणि 24 तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करणं त्यांना बंधनकारक आहे. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं. दारू पिऊन चालवण्याचा गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हा तिथे हक्क आहे, मेहरबानी नव्हे. उत्तर 'नाही, नुसती चौकशी' असं असेल तर तुम्हाला कोठडीत बसवून ठेवता येत नाही.

## मुलींना वेगळे नियम आहेत का?

थांबवणं, कागद तपासणं, चलान करणं, यांसाठी नाहीत. रात्री अकरालाही पुरुष पोलीस मुलीची गाडी थांबवू शकतो आणि हेल्मेट नसेल तर चलान करू शकतो. वेगळा नियम अटकेला आणि अंगझडतीला आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अगदी अपवादात्मक परिस्थितीत, महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन आणि दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घेऊन ती करता येते. अंगझडती फक्त स्त्रीनेच घ्यायची, तीही सभ्यता राखून. निर्जन जागी थांबवलं गेलं तर इंडिकेटर लावून उजेडाच्या ठिकाणी, पेट्रोल पंपाजवळ थांबण्याची खूण करता येते. भीती वाटली तर 112 ला फोन लावता येतो. यात पोलिसाचा अपमान नाही.

## अठरा पूर्ण नसतील तर

इथे मुलापेक्षा आईवडिलांनी नीट वाचावं. 18 वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर कलम 199अ प्रमाणे पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द. मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत शिकाऊ लायसन्सही मिळत नाही. 'मला माहीतच नव्हतं' हे पालकाला सिद्ध करावं लागतं आणि स्टँडवरची किल्ली रोज मुलगा घेत असेल तर ते सोपं नाही. सोळाव्या वर्षी 50 सीसीपर्यंतची दुचाकी चालवता येते, पण शोरूममध्ये आज दिसणाऱ्या पेट्रोल स्कूटर जवळपास सगळ्याच त्याहून मोठ्या आहेत.

मुलाचे हक्क मात्र यातही शाबूत राहतात. बाल न्याय कायदा 2015 प्रमाणे अल्पवयीनाला ठाण्याच्या कोठडीत ठेवता येत नाही, पालकांना कळवावं लागतं आणि 24 तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं. त्याचं नाव किंवा फोटो प्रसिद्ध करणंही गुन्हा आहे. हे सगळं आरोप कितीही गंभीर असला तरी लागू आहे, आणि लागू असलंच पाहिजे.

## चलान, ई-चलान आणि 'काहीतरी बघा ना'

केंद्राच्या दुरुस्तीनंतरचे वाढीव दर महाराष्ट्राने डिसेंबर 2021 मध्ये लागू केले. आता जवळपास सगळं ई-चलानवर आलं आहे : यंत्रात नोंद, फोटो, मालकाच्या मोबाइलवर मेसेज. जागेवरच पैसे भरावेत अशी सक्ती नाही. नंतर ऑनलाइन भरता येतात किंवा मान्य नसेल तर प्रकरण कोर्टात लढवता येतं. कॅमेऱ्याचं चलान मालकाच्या नावावर येतं, म्हणून बाबांच्या गाडीवर तुम्ही सिग्नल तोडला तर मेसेज बाबांना जातो. पोलिसांनी विचारलं तर गाडी कोण चालवत होतं हे सांगणं मालकाला कलम 133 प्रमाणे बंधनकारक आहे.

ई-चलान चुकीचं असू शकतं. नंबरप्लेटचा एक आकडा चुकला की सोलापूरच्या माणसाला ठाण्याचं चलान येतं. फोटो उघडून बघा. गाडी तुमची नसेल तर महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवता येते. कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस 15 दिवसांत पाठवावी, असं केंद्राने ऑगस्ट 2021 च्या नियमांत सांगितलं. पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढून नंतर चलान टाकण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की जुलै 2025 मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना आपल्या पोलिसांना तसं करण्यास मनाई करावी लागली.

आता चिरीमिरी. 'पावती हजाराची, तसे दोनशे दे' हे ऐकून दोनशे देणारा स्वतःला हुशार समजतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवणाऱ्याला संरक्षण आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक 1064.

## व्हिडिओ काढला तर?

सार्वजनिक रस्त्यावर काम करणाऱ्या पोलिसाचा व्हिडिओ काढायला सरसकट बंदी घालणारा कायदा नाही. 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तर पोलीस ठाणं हेही शासकीय गोपनीयता कायद्यातलं 'निषिद्ध ठिकाण' नाही, असं ठरवून ठाण्यात व्हिडिओ काढणाऱ्यावरचा गुन्हा रद्द केला. पण कॅमेरा समोरच्याच्या तोंडात घालणं आणि लाइव्ह जाऊन आरडाओरडा करणं यातून 'कामात अडथळा' हे कलम ओढवून घेता येतं. फोन छातीशी धरा, हात स्थिर ठेवा, कमी बोला.

## 'पण कायदा बोलून दाखवला तर ते जास्तच चिडतील'

ही हरकत खरी आहे आणि मी ती झटकून टाकणार नाही. आठ तास उन्हात आणि धुरात उभ्या असलेल्या माणसाला अठरा वर्षांच्या पोराने कलम शिकवलं तर तो चिडणारच. त्यातले अनेक जण रोज शिव्या खातात, काहींच्या अंगावर गाड्या घातल्या गेल्या आहेत. म्हणून नाक्यावर कलमं म्हणून दाखवायची गरज नाही. प्रश्नाच्या रूपात तीच गोष्ट बोलता येते : 'साहेब, पोचपावती मिळेल ना?', 'चलानावर कोणतं कलम आलंय?', 'घरी कळवू का?' हे विचारणारा मुलगा जाणकार आहे हे समोरच्याला लगेच कळतं, आणि कुणाचाच मान जात नाही.

अन्याय झालाच तर तो रस्त्यावर सोडवायचा नसतो. लगेच लिहून ठेवा : वेळ, चौक, अधिकाऱ्याचं नाव, गाडीचा नंबर, जवळच्या दुकानाचा सीसीटीव्ही. फुटेज थोड्याच दिवसांत पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवण्याची मागणी पहिल्या अर्जातच करा. अर्ज वाहतूक शाखेच्या सहायक आयुक्तांकडे, ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांकडे. तिथे दाद लागली नाही तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या, तोंडी 'बघतो' वर परत येऊ नका.